तळपायाची आग

रागावलेल्या मराठी माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाते. हा वाक्प्रचार आपण नेहमी वापरतो. परंतु त्यात शरीरशास्त्राचे एक मोठे सत्य दडलेले आहे, इकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पायाखाली निखारा आला तर भाजतो पाय, पण ‘भाजले’ हे कळते मस्तकात. तळपायाच्या कातडीत मज्जातंतूंची जी टोके आहेत त्यांनी वर्दी द्यावी, ती वर्दी पोटरी, मांडी, पाठीचा कणा असा प्रवास करून मेंदूत पोचावी आणि मग मेंदूने म्हणावे की पाय पोळला. वाटेत कोठे हा तंतू निकामी झाला, तर पाय जळत राहील आणि त्याचा धनी स्वस्थ बसून राहील. उलटपक्षी तंतूच बिघडला, तर निखारा नसतानाही मस्तकात आग पोचत राहील आणि माणूस रात्रभर तळमळेल.

श्रोतेहो, आज मी बोलणार आहे ते मुख्यतः या दुसऱ्या आगीविषयी. ती रागाची आग नव्हे. ती होती पोटाची आग. पण प्रकट झाली पायांत आणि जिभेवर. तिच्या अभ्यासाशी ज्या संस्थेचे नाव जडलेले आहे, ती आज हैदराबाद शहरात तारनाक्याला उभी आहे.

तारनाका हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. पूर्वी या भागात तारेचे कुंपण होते आणि नाका होता, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. तार आणि नाका हे दोन्ही शब्द आपल्या बोलीतही तितकेच रुळलेले आहेत. त्वचेतील संवेदनांची व्यवस्था एखाद्या विद्यार्थ्याला समजावून द्यायची झाली, तर याहून सुटसुटीत नाव सापडणे कठीण. मज्जातंतू ही तार आणि त्याचे त्वचेतील टोक हा नाका. बाहेरच्या जगातले जे जे अंगाला भिडते, त्याची दखल या नाक्यावर घेतली जाते आणि तारेने तिची खबर राजधानीला रवाना होते.

या तारनाक्याला उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी राष्ट्रीय पोषण संस्था आहे. विद्यापीठाची स्थापना १९१८ सालची. पोषण संस्थेचे मूळही त्याच सालातले; परंतु ते येथून पुष्कळ दूर, निलगिरीच्या डोंगरात कुन्नूर येथे रुजले. तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एका खोलीत रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टरने बेरीबेरी या रोगाची चौकशी आरंभली. बेरीबेरीत हातापायांतील शक्ती जाते आणि संवेदनाही मंद होते. गिरणीत पॉलिश केलेल्या तांदळावरच गुजराण करणाऱ्या लोकांत तो दिसे, कारण तांदळाच्या कोंड्याबरोबर ‘ब१’ हे जीवनसत्त्वही निघून जाई. म्हणजे या संस्थेचा पहिला धडा असा की, ताटात जे कमी पडते त्याचा हिशेब मज्जातंतू मागतात. त्या एका खोलीच्या पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा झाल्या. १९५८ साली त्यांनी आपला सारा संसार कुन्नूरहून हैदराबादेस हलविला, तेव्हा त्यांचे संचालक डॉ. व्ही. एन. पटवर्धन हे होते. भारतातील पोषणाविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला होता. पुढे १९६९ साली संस्थेला आजचे नाव मिळाले.

आता नाक्यांची ओळख करून घेऊ. त्वचेला स्पर्श कळतो हे मनुष्याला आरंभापासून ठाऊक होते. पण तो कशाने कळतो याचा छडा लागण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. जर्मनीतील लाइपझिग येथे अर्न्स्ट वेबर याने १८३४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याचे साधन अगदी साधे होते. शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतील कर्कटकासारख्या दोन टोकांच्या उपकरणाने तो त्वचेला हलकेच स्पर्श करी आणि विचारी, ‘टोक एक की दोन?’ बोटाच्या अग्रावर दोन टोकांत दोनेक मिलिमीटरांचे अंतर असले तरी ती वेगळी कळतात. पाठीवर मात्र ती चार सेंटिमीटर दूर नेली तरी पुष्कळदा एकच टोक टेकल्याचा भास होतो. घरी कोणीही डोळे मिटून हा प्रयोग करून पाहावा. फक्त टोक बोथट असू द्यावे. बोटावर नाके दाट आहेत आणि पाठीवर विरळ, एवढे त्यावरून सहज ध्यानात येते.

सूक्ष्मदर्शक यंत्र हाताशी आल्यावर हे नाके डोळ्यांनी दिसू लागले. १८३१ साली इटलीत फिलिप्पो पाचीनी हा तरुण विद्यार्थी मानवी हाताचे विच्छेदन करीत होता. तळहातातील मज्जातंतूंना चिकटलेले पांढुरके, कांद्यासारख्या पापुद्र्यांचे बारीक दाणे त्याला दिसले. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतील आब्राहाम व्हाटर याच्याही ते दृष्टीस पडले होते, पण जग ते विसरून गेले होते. कंप ओळखणारी ही टोके होत. १८५२ साली गेओर्ग माइसनर आणि त्याचे गुरू रुडॉल्फ वाग्नर यांनी बोटांच्या त्वचेतील स्पर्शाचे कण दाखविले, आणि पुढे त्यांच्या श्रेयावरून गुरुशिष्यांत वाद माजला. १८६० च्या सुमारास विल्हेल्म क्राउझ याने ओठ, जीभ आणि डोळ्यांवरील पातळ पडदा अशा ओलसर श्लेष्मल त्वचेतील गोलसर टोकांचे वर्णन केले. पुढे मेर्केल आणि रुफीनी यांची नावे या यादीत दाखल झाली. पाउल लांगरहान्स याने विद्यार्थिदशेतच, १८६८ साली, त्वचेच्या अगदी वरच्या थरात फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या आणि त्या मज्जासंस्थेच्याच असाव्यात असे मानले. पुढे शंभरावर वर्षांनी असे ठरले की त्या पेशी स्पर्शाच्या नसून रोगप्रतिकाराच्या पहारेकरी आहेत.

मग प्रश्न आला तो कामाच्या वाटणीचा. स्वीडनमध्ये माग्नुस ब्लिक्स आणि जर्मनीत आल्फ्रेड गोल्डशायडर यांनी १८८० नंतरच्या काही वर्षांत एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले की, त्वचेवर थंडीचे बिंदू वेगळे आणि उष्णतेचे वेगळे. माक्स फॉन फ्राय याने वेगवेगळ्या जाडीचे केस काडीला चिकटवून त्यांनी त्वचेवर मोजका दाब दिला आणि स्पर्शाचे व वेदनेचे बिंदू निराळे काढले. क्राउझची टोके थंडीची आणि रुफीनीची उष्णतेची, अशीही वाटणी त्याने करून टाकली. ही वाटणी काळाच्या कसोटीला उतरली नाही. थंडी, ऊन आणि वेदना यांची खबर प्रामुख्याने कोणतेही वेष्टन नसलेली, नुसती उघडी टोके देतात, असे आज मानले जाते. ज्यांना रूप नाही, गोंडा नाही, अशी ही टोके वरच्या थरात झाडाच्या बारीक मुळ्यांसारखी शिरलेली असतात. आजच्या आपल्या गोष्टीचे नायक तीच आहेत.

या उघड्या टोकांच्या तारा फार बारीक. स्पर्शाची खबर जाड तंतूंतून सेकंदाला पन्नास मीटर, क्वचित त्याहूनही अधिक वेगाने जाते. जळजळीची खबर बारीक तंतूंतून सेकंदाला सुमारे एक मीटर या गतीने रांगत येते. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली म्हणजे ‘लागले’ हे आधी कळते आणि ठणका मागाहून येतो, त्याचे कारण हेच. मज्जातंतूंच्या या जाती शोधणाऱ्या अर्लँगर आणि गॅसर या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९४४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १९२६ साली इंग्लंडात एड्गर एड्रियन याने, रेडिओत असतात तसल्याच नळ्यांचा उपयोग करून, एकेका तंतूतून जाणारे विद्युत्‌स्पंद टिपले होते. त्याला असे आढळले की स्पंद लहानमोठे नसतात, सारे सारखेच. उद्दीपन जोराचे असेल तर ते अधिक भराभर येतात, एवढेच.

येथे क्षणभर थांबावयास हवे. एवढे सारे कळले, पण एक गोष्ट कोणत्याही यंत्राने सांगितली नाही. तारेवर ठोके किती पडले हे एड्रियनला मोजता आले. पण ते ठोके पोचल्यावर ज्याचे त्याला काय वाटले, हे त्यालाही विचारूनच घ्यावे लागले असते. वेबर विचारीत होता, ‘एक की दोन?’ फॉन फ्राय विचारीत होता, ‘टोचले का?’ संवेदनेच्या शास्त्राची उभारणीच मुळी समोरच्या माणसाच्या शब्दावर झालेली आहे. प्रयोगशाळेतील तो माणूस बहुधा विद्यार्थी किंवा प्राध्यापकच असे, म्हणून त्याच्या शब्दाविषयी शंका घेण्याचे कोणाच्या मनात आले नाही. परंतु तोच शब्द एखाद्या अर्धपोटी मजुराने, हमालाने किंवा शिपाईगड्याने उच्चारला म्हणजे? तेथे खरी कसोटी लागते.

ही कसोटी आपल्याकडे लागली. १८२४ ते १८२६ या काळात इंग्रजांचे ब्रह्मदेशाशी पहिले युद्ध झाले. त्या सुमारास जे. ग्रियर्सन नावाच्या डॉक्टरने हिंदी लोकांच्या पायांच्या जळजळीविषयी एक टिपण लिहिले आणि ते १८२६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय संस्थेच्या नियतकालिकात छापून आले. पायांना आग होते, ती रात्री वाढते, आणि पाहावे तर पायाला जखम नाही की सूज नाही! वैद्यकाच्या ग्रंथांत या तक्रारीला जागा मिळाली, पण तिचे कारण उमगावयास पुढे शंभरावर वर्षे गेली.

दुसऱ्या महायुद्धात जपानच्या कैदेत पडलेल्या सैनिकांना सिंगापूर, हाँगकाँग वगैरे ठिकाणी निकृष्ट आहारावर दिवस कंठावे लागले, तेव्हा हीच व्याधी मोठ्या प्रमाणावर उद्भवली. कैद्यांना झोप येईना. कोणी पाय गार पाण्यात बुडवून बसे, तर कोणी रात्रभर येरझारा घाली. त्या सततच्या हालचालीवरून सैनिकांनी आपल्याच दुखण्याला उपरोधाने ‘आनंदी पाय’ असे नाव ठेवले होते. मराठीत तळपायाची आग म्हणजे संताप. तेथे तिलाच आनंद म्हणावे लागले, यावरून त्या दुःखाची कल्पना यावी.

त्याच वर्षांत मद्रासेत एक तरुण डॉक्टर गरीब रुग्णांचे हेच गाऱ्हाणे ऐकत होता. त्याचे नाव कोलुथूर गोपालन. जन्म १९१८ सालचा, म्हणजे आपल्या पोषण संस्थेच्याच वयाचा. रुग्ण म्हणत, पाय जळतात, टाचण्या टोचल्यासारखे होते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तपासावे तर पायांवर दाखविण्याजोगे फारसे काही नाही. अशा वेळी ‘काही झालेले नाही, घरी जा’ असे म्हणणे सर्वांत सोपे. गोपालनांनी तसे म्हटले नाही. या लोकांचे म्हणणे खरे धरून त्यांनी त्यांच्या आहाराकडे पाहिले आणि ब समूहातील जीवनसत्त्वे देऊन पाहिली. इतरांनी आला नाही तो गुण पँटोथेनिक आम्ल या जीवनसत्त्वाने आला. हे निरीक्षण १९४६ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ या मासिकात प्रसिद्ध झाले. आज वैद्यकात या व्याधीला ग्रियर्सन आणि गोपालन अशा दोघांचे नाव जोडतात. त्यांच्या कामात सव्वाशे वर्षांच्या आसपास अंतर आहे.

पँटोथेनिक या नावाचा ग्रीक अर्थच ‘सगळीकडून’ असा आहे. ते थोडेबहुत जवळजवळ प्रत्येक अन्नात असते. मग त्याची उणीव कोणाला भासणार? ज्याच्या ताटात बाकी सगळ्याचीच उणीव आहे त्याला. उपाशी माणसाच्या देहात एकच जीवनसत्त्व कमी पडले असे सहसा घडत नाही. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात स्वयंसेवकांना हे जीवनसत्त्व मुद्दाम तोडून पाहिले, तेव्हा त्यांनीही हातापायांना मुंग्या येण्याची व जळजळीची तक्रार केली. तरी या व्याधीचे सारे धागे त्या एकाच जीवनसत्त्वाशी बांधणे आज कोणी पसंत करीत नाही. पायच आधी का जळतात, याचे मात्र एक साधे उत्तर आहे. पावलापर्यंत जाणारा मज्जातंतू शरीरातील सर्वांत लांब, जवळजवळ मीटरभर लांबीचा. त्याचे पोषण कमी झाले म्हणजे सर्वांत दूरचे टोक आधी कोरडे पडते. कालव्याचे पाणी आटू लागले की शेवटच्या शेताची तहान आधी कळते, तसेच हे.

गोपालन पुढे तारनाक्याच्या संस्थेचे संचालक झाले, आणि येथे त्यांची गाठ पडली ती आपल्या अगदी ओळखीच्या धान्याशी. ते धान्य म्हणजे ज्वारी. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटकाचा शेजारचा भाग मिळून दख्खनच्या पठाराचा मोठा पट्टा जोंधळ्यावर जगत आलेला. या ज्वारी खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग दिसून येई. त्यात मान, हात, पाय अशा उन्हाला उघड्या राहणाऱ्या भागांची कातडी काळवंडते, खरबरीत होते, सोलून निघते. जीभ आणि तोंडाचा आतला भाग लालभडक होतो, जुलाब लागतात आणि शेवटी बुद्धीही भ्रमिष्ट होते. हातापायांची जळजळ येथेही सोबतीला असते.

या रोगाचे वर्णन प्रथम स्पेनमध्ये गास्पार कासाल याने १७३५ साली केले; ‘पेलाग्रा’ या इटालियन नावाचा अर्थ खरखरीत कातडी. मका खाणाऱ्या गोरगरिबांत तो आढळे, आणि पुष्कळ काळ त्याला सांसर्गिक मानीत. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर याने १९१५ साली मिसिसिपीतील तुरुंगाच्या शेतावर काही कैद्यांना निकृष्ट आहार देऊन तो उत्पन्न करून दाखविला आणि दोष जंतूंचा नसून ताटाचा आहे हे सिद्ध केले. १९३७ साली निकोटिनिक आम्ल, ज्याला आपण नायसिन म्हणतो, त्यावरचा उतारा ठरले. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही ते थोडे तयार करू शकते. मक्यातील नायसिन शरीराला सहजी मिळत नाही आणि त्यात ट्रिप्टोफॅनही कमी, तेव्हा मक्याचे कोडे सुटले.

परंतु ज्वारीचे सुटेना. ज्वारीत हे दोन्ही दोष मक्याइतके नाहीत. तरी पेलाग्रा व्हावा हे कसे? गोपालन आणि त्यांचे सहकारी एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात असे मत मांडले की, ज्वारीच्या प्रथिनात ल्यूसिन या अमिनो आम्लाचे प्रमाण जास्त असते आणि ते नायसिनच्या कार्यात बिघाड करते. या मतावर पुढे पुष्कळ वाद झाला. इतर ठिकाणच्या काही संशोधकांना तसे फळ मिळाले नाही आणि सर्व तज्ज्ञांनी ते एकमुखाने स्वीकारले असे म्हणता येणार नाही. तथापि, एका धान्यावर सारा भार टाकणे धोक्याचे, हे त्या संशोधनाने अधोरेखित केले.

येथे ज्वारीवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भाकरीबरोबर पिठले आहे, पालेभाजी आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, वाटीभर ताक आहे, असे ताट निर्धोक आहे. ते कैक पिढ्यांनी खाल्ले आणि त्या काटक निपजल्या. शेंगदाण्यात तर नायसिन भरपूर. अपराध भाकरीचा नव्हता. तिच्या शेजारची ताटातली जागा रिकामी होती, हा अपराध होता. दख्खनमधील लोकांचा आहार जसजसा मिश्र होत गेला आणि निव्वळ ज्वारीवर दिवस काढणारी कुटुंबे कमी झाली, तसतसा पेलाग्राही विरळ झाला.

भाकरीशी मिरचीच्या ठेच्याचे नाते घट्ट आहे, आणि पेलाग्राच्या रुग्णाला तोच सोसत नाही. कोमट चहासुद्धा त्याच्या जिभेला झोंबतो. असे का होते, याचा उलगडा अलीकडेच झाला. मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. डेव्हिड ज्यूलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले की, मज्जातंतूंच्या टोकांवरील एक विशिष्ट प्रथिन मिरचीतील कॅप्सायसिनने जसे उद्दीपित होते, तसेच सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही होते. म्हणून तिखट ही खरी चवच नव्हे. ती भाजल्याची खबर आहे. भाग सुजलेला, सोललेला असला म्हणजे हे प्रथिन त्याहून कमी उष्णतेलाही जागे होते. तेव्हा ‘चहा भाजतो’ म्हणणारा तो रुग्ण नाटक करीत नव्हता. त्याच्या जिभेचा नाका खरोखरच ‘आग! आग!’ असे ओरडत होता. ज्यूलियस यांना, दाबाची संवेदना देणारी प्रथिने शोधणाऱ्या आर्डेम पाटापूटियन यांच्यासह, २०२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आतापर्यंत आपण फार बोलणाऱ्या त्वचेविषयी ऐकले. मुकी झालेली त्वचा ही याची दुसरी बाजू. कुष्ठरोगाचा जंतू आर्माउएर हान्सेन याने १८७३ साली नॉर्वेत शोधला. तो जंतू त्वचेत व मज्जातंतूंत घर करतो आणि चट्ट्यावरची संवेदना नाहीशी होते. जुन्या हैदराबाद राज्यात निजामाबादजवळच्या डिचपल्ली येथे इझाबेल कर या डॉक्टरबाईंनी १९१५ साली या रुग्णांसाठी इस्पितळ उभारले. वरोड्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन १९४९ साली स्थापन झाले. बोटे झडतात ती रोगाने, असेच सर्वांना वाटत होते. वेल्लोरला काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, वेदना नसल्यामुळे भाजणे, कापणे, चिरडणे कळत नाही आणि न कळलेल्या जखमांनी बोटांचा नाश होतो. वेदना ही वैरीण नसून राखणदारीण आहे, हा धडा त्या रुग्णांनी जगाला दिला. याही रोगाची पहिली परीक्षा किती साधी पाहा. रुग्णाला डोळे मिटावयास सांगतात, कापसाची वात किंवा पीस चट्ट्याला लावतात, आणि कोठे लागले ते बोटाने दाखव म्हणतात. पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा रुग्णाचीच साक्ष.

पेलाग्रा विरळ झाला, कैद्यांच्या छावण्या उठल्या, तरी जळणारे पाय आजही आहेत. आज त्यांचे अधिक आढळणारे कारण मधुमेह हे आहे. शिवाय ब१२ जीवनसत्त्वाचा अभाव, दारू आणि काही औषधेही त्याला कारण होतात. मधुमेहाच्या दवाखान्यात पायाच्या तळव्याला नायलॉनचा एक धागा टेकवून ‘कळते का?’ असे विचारतात. तो धागा म्हणजे फॉन फ्रायच्या केसाचाच नातू. त्यापुढेही एक पाऊल पडले आहे. घोट्याच्या वरून तीन मिलिमीटरांचा त्वचेचा तुकडा काढून त्यातील उघड्या टोकांची गणती सूक्ष्मदर्शकाखाली करता येते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ही पद्धत रूढ होऊ लागली, तेव्हा असे पुष्कळ रुग्ण सापडले की ज्यांचे जाड तंतू शाबूत, नेहमीच्या तपासण्या निर्दोष, आणि तरीही वरच्या थरातील बारीक टोके विरळ झालेली. ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे सांगून ज्यांची बोळवण झाली होती, त्यांतील अनेकांच्या शब्दाला अशा रीतीने डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा मिळाला. पुरावा मागाहून आला. दुःख आधीपासून होते.

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरी संत थोमाची कथा लहानपणापासून सांगतात. घावांत बोट घातल्यावाचून विश्वास ठेवणार नाही, असे म्हणणारा तो शिष्य. परंपरेप्रमाणे त्याची कबर मद्रासच्या मैलापुरात आहे. त्याच मद्रास शहरात एका डॉक्टरासमोर असे रुग्ण येऊन उभे राहिले की ज्यांच्याजवळ बोट घालावयास घावच नव्हता. होता तो केवळ शब्द. त्या डॉक्टराने तो शब्द प्रमाण मानला आणि तेथूनच उपायाची वाट सापडली. विश्वास ठेवला याचा अर्थ चौकशी सोडली असा नव्हे. विश्वास ठेवला म्हणूनच चौकशी सुरू झाली. गोपालन २०१९ साली वयाच्या शंभराव्या वर्षी निवर्तले, तोवर पोषणाचे शास्त्र आपल्या देशात चांगले रुजले होते.

श्रोतेहो, या इतिहासातून आपण आपल्यापुरते काय घ्यावे? आपल्या घरात आजी म्हणते, ‘पायांची आग होते गं.’ भांडी घासणारी बाई म्हणते, ‘ताई, पाय जळतात.’ वर्गातले पोर म्हणते, ‘बाई, तोंड आलंय, डबा खाववत नाही.’ पाहावे तर दिसत काहीच नाही, आणि आपल्याला घाई असते. अशा वेळी ‘काही नाही, वय झाले’ किंवा ‘नाटके पुरेत’ हे शब्द ओठावर येण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. जेवणात काय असते? रक्तातली साखर तपासली आहे का? मग जवळच्या दवाखान्याचा रस्ता दाखवावा, आणि जमल्यास सोबत जावे. आग त्यांच्या तळपायाला आहे. त्यांच्या मस्तकात ती पोचलेलीच आहे. आपल्या कानांपर्यंत पोचू देणे तेवढे आपल्या हाती आहे.